लिनक्ससाठी वायफाय कार्ड शोधताय? खोक्यावरचं नाव नको, चिपचा नंबर बघा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि घरोघरचे चांगले चालणारे लॅपटॉप अडगळीत जायच्या वाटेवर आले. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, २०१३ ते २०१७ दरम्यान घेतलेली बहुतेक मशिनं तिथेच बाद होतात. अशा लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवून लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं तर तो पुढची काही वर्षं आरामात काम देतो. मी हे भेटेल त्याला सांगतो, कारण चालतं यंत्र भंगारात जाताना मला बघवत नाही.

पण नव्यानं लिनक्सकडे आलेला माणूस सगळ्यात जास्त कुठे अडत असेल तर तो वायफायवर. स्क्रीन, कीबोर्ड, आवाज, कॅमेरा सगळं पहिल्या झटक्यात चालू होतं आणि वर कोपऱ्यात वायफायचं चिन्हच दिसत नाही. मग 'लिनक्स आपल्या लॅपटॉपला चालत नाही' असा निकाल लागतो आणि लॅपटॉप परत कपाटात जातो. प्रत्यक्षात अडलेलं असतं ते एक छोटं कार्ड, आणि ते चालेल की नाही हे इन्स्टॉल करण्याआधीच कळू शकतं.

ड्रायव्हर आणि फर्मवेअर

वायफाय चालायला दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे ड्रायव्हर. कार्डाशी कसं बोलायचं हे कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सांगणारा हा प्रोग्रॅम. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. विंडोजसारखी सीडी घालायची किंवा कंपनीच्या साइटवरून सेटअप उतरवायची गरज पडत नाही. दुसरी गोष्ट फर्मवेअर. वायफाय कार्डावर स्वतःचा एक छोटा प्रोसेसर असतो आणि त्याच्यावर चालणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. बऱ्याच कार्डांवर तो कायमचा साठवलेला नसतो, त्यामुळे लॅपटॉप सुरू होताना दर वेळी ड्रायव्हर ती फाइल डिस्कवरून उचलतो आणि कार्डात भरतो. ड्रायव्हर आहे पण फर्मवेअरची फाइल नाही, असं झालं तर कार्ड दिसतं पण चालत नाही.

ड्रायव्हर मुक्त असला तरी फर्मवेअर बहुधा बंदिस्त असतं; कंपन्या त्याचा सोर्स देत नाहीत, फक्त वाटायची परवानगी देतात. म्हणून डेबियनसारखं तत्त्वाला धरून चालणारं डिस्ट्रो (मिंट, उबुंटूसारखी लिनक्सची तयार आवृत्ती) वर्षानुवर्षं आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते ठेवत नव्हतं. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदललं आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळू लागलं. मला हा निर्णय योग्य वाटतो. इंटरनेटच नसेल तर नवखा माणूस मुक्त सॉफ्टवेअरपर्यंत पोहोचणार कसा? तरीही ज्यांना एकही बंदिस्त फाइल नको आहे त्यांच्यासाठी वाट आहे: अ‍ॅथेरॉसची एटीएच९के ड्रायव्हरवर चालणारी जुनी पीसीआय एक्सप्रेस कार्डं. त्यांना बाहेरून फर्मवेअर भरावंच लागत नाही. ट्रिस्क्वेलसारखी डिस्ट्रो वापरणारे ही कार्डं शोधत असतात ती त्याचमुळे. वेग ८०२.११ एन (वायफाय ४) इतकाच मिळतो, पण चालतात अगदी निमूटपणे.

आधी ओळख पटवा

कार्ड चालेल का, हा प्रश्न लॅपटॉपच्या मॉडेलवरून सुटत नाही. एकाच मॉडेलमध्ये कंपनी या महिन्यात एका बनावटीचं कार्ड घालते, पुढच्या महिन्यात दुसऱ्या. विचारायचं ते चिपला.

लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरून) लॅपटॉप सुरू करा, टर्मिनल उघडा आणि 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्या (अर्थात रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी). बऱ्याच ओळी येतील, त्यांत 'नेटवर्क कंट्रोलर' लिहिलेली शोधा. उदाहरणार्थ, डेलच्या अनेक जुन्या इन्स्पिरॉनमध्ये तिथे ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ असं नाव दिसतं आणि शेवटी चौकटी कंसात १४ई४:४३६५ हा आकडा. मधल्या दोन टिंबांआधीचा (:) भाग कंपनीचा, नंतरचा त्या चिपचा. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अ‍ॅथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. इंटेलचा नंबर ८०८६ आहे, त्यांच्या गाजलेल्या प्रोसेसरचाच.

त्याच्या खाली 'सबसिस्टीम' म्हणून 'डेल वायरलेस १७०४' असं काहीतरी दिसेल. हे विक्रीचं नाव. त्याच्यामागे जाऊ नका. त्याखालची ओळ मात्र नीट वाचा: 'कर्नल ड्रायव्हर इन यूज'. तिच्यापुढे काही नाव असेल तर कर्नलनं कार्डाला ओळखून ताब्यात घेतलं आहे. ही ओळच नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. ओळ आहे आणि तरी वायफाय नाही, तर बहुधा फर्मवेअरची फाइल नाही किंवा वायफाय बंद केलेलं आहे. 'आरएफकिल लिस्ट' ही कमांड दिली की सॉफ्टवेअरनं बंद आहे की लॅपटॉपच्या बटणानं, हे कळतं. जुन्या लॅपटॉपच्या कडेला असलेली सरकती पट्टी बंद राहिलेली, एवढंच कारण कितीतरी वेळा निघतं.

फर्मवेअरचा पत्ता 'डीमेसग' (dmesg) या कमांडच्या निकालात लागतो. त्यात 'फर्मवेअर' हा शब्द शोधा. 'एरर -२' म्हणजे फाइल सापडली नाही. मात्र एक-दोन अशा ओळी दिसल्या म्हणून घाबरू नका. इंटेलचा ड्रायव्हर आधी सगळ्यात नवी आवृत्ती मागतो, ती नसेल तर त्याच्या आधीची, असं करत खाली येतो. शेवटी एखादी 'लोडेड' दिसली की काम झालं.

यूएसबी डोंगल असेल तर 'एलएसयूएसबी' ही कमांड. तिथेही तसाच जोडनंबर मिळतो.

हा नंबर हातात आला की शोधायची पद्धत बदलते. 'माझ्या लॅपटॉपचं वायफाय चालत नाही' असं शोधलं तर ढिगानं जुनी उत्तरं येतात आणि त्यातली निम्मी दुसऱ्याच चिपबद्दल असतात. जोडनंबर टाकून शोधलं तर नेमकं उत्तर येतं. लिनक्स-हार्डवेअर डॉट ऑर्ग या ठिकाणी तर लोकांनी आपापल्या मशिनींच्या नोंदी पाठवलेल्या आहेत. तिथे नंबर टाकला की कोणत्या कर्नलवर ते कार्ड चाललं ते दिसतं.

कोणाची चिप कशी वागते

इंटेलचं कार्ड निघालं तर बहुतेक वेळा पुढचं वाचायची गरज नाही. आयडब्ल्यूएलवायफाय हा त्यांचा ड्रायव्हर कंपनी स्वतः कर्नलमध्ये सांभाळते आणि फर्मवेअर नेहमीच्या डिस्ट्रोंमध्ये आधीच असतं. मीडियाटेकचं नाव पूर्वी कुणी फारसं घेत नसे, पण एमटी७९२१ चा ड्रायव्हर कर्नल ५.१२ मध्ये आल्यापासून त्यांची कार्डंही चांगली चालतात. एएमडी प्रोसेसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये आरझेड६०८ किंवा आरझेड६१६ नावानं असतं ते मीडियाटेकचंच.

रिअलटेकबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण स्वस्त आणि मध्यम किमतीच्या लॅपटॉपमध्ये तेच जास्त सापडतं. इथे प्रश्न चालतं की नाही असा नसून कोणत्या कर्नलपासून चालतं असा असतो. आरटीएल८८५२बीई घ्या. या चिपचा ड्रायव्हर कर्नल ६.२ मध्ये आला. उबुंटू २२.०४ पहिल्यांदा बाहेर पडलं तेव्हा त्यात कर्नल ५.१५ होता. म्हणजे हे कार्ड असलेल्या लॅपटॉपवर कुणी २२.०४ ची सुरुवातीची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) टाकली तर वायफाय दिसणारच नाही. त्याच उबुंटूची २२.०४.३ ही ऑगस्ट २०२३ मधली आयएसओ टाकली तर दिसेल, कारण तिच्यात कर्नल ६.२ आहे. लॅपटॉप तोच, कार्ड तेच, डिस्ट्रोही तेच. फरक फक्त कर्नलचा. म्हणून रिअलटेकचं कार्ड अडलं की पहिला उपाय नवी आयएसओ. 'युनेम -आर' या कमांडनं तुमचा कर्नल किती नंबरचा आहे ते कळतं.

लोक मात्र गिटहब या सोर्स कोडच्या साइटवरून ड्रायव्हर उतरवून कंपाइल करायला, म्हणजे स्वतः बांधायला, लागतात. अगदीच इलाज नसेल तेव्हा ते करायला हरकत नाही, पण ती वाट पहिली नव्हे. बाहेरचा ड्रायव्हर कर्नलसोबत वाढत नाही. पुढच्या महिन्यात अपडेट आलं, कर्नल बदलला, की ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो. डीकेएमएस नावाची सोय हे आपोआप करते, पण नव्या कर्नलमध्ये आतली रचना बदललेली असली तर तीही अडते. ज्याला तुम्ही लॅपटॉप तयार करून देता, तो काका असो की शाळेतली मुलगी, अपडेटनंतर एका सकाळी वायफाय गेलेलं त्याला किंवा तिला कसं निस्तरता येणार?

रिअलटेकच्याच आरटीएल८७२३बीई या कार्डाची एक गंमतशीर अडचण एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर दिसते. वायफाय चालतं, पण राउटरच्या शेजारी बसलं तरच. कार्डावर अँटेनाच्या दोन जागा असतात आणि लॅपटॉपमध्ये तार एकच जोडलेली असते. ड्रायव्हर नेमका रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. ड्रायव्हरला 'अँट_सेल' हा पर्याय १ किंवा २ असा देऊन बघायचा. बरोबर बसला की त्याच जागी एका दांडीचा सिग्नल भरून येतो. एवढ्यासाठी कार्ड बदलणाऱ्यांनी आधी हे करून बघावं.

ब्रॉडकॉमचा इतिहास सगळ्यात त्रासाचा. कंपनी माहिती देत नव्हती तेव्हा स्वयंसेवकांनी चिपचं वागणं उलगडून बी४३ हा ड्रायव्हर लिहिला. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीनं काही चिपांसाठी मुक्त ड्रायव्हर दिला, पण मधल्या अनेक चिपा दोन्हींतून सुटल्या. वर आलेली बीसीएम४३१४२ त्यातलीच, आणि २०१३ ते २०१७ च्या मॅकबुक एअरमधली बीसीएम४३६० सुद्धा. त्यांना 'डब्ल्यूएल' हा कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हरच लागतो. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ मधली आहे. त्यानंतर प्रत्येक नव्या कर्नलसाठी डिस्ट्रो सांभाळणारी माणसं स्वतः ठिगळं लावून तो चालवत आहेत. त्यांच्या कष्टांना मी मनापासून मानतो, पण अशा पायावर किती दिवस काढायचे? लॅपटॉपमध्ये कार्ड बदलता येत असेल तर ब्रॉडकॉमचं हे कार्ड काढून टाका.

तोपर्यंत हा ड्रायव्हर वापरायचा तर दोन अडथळे लक्षात ठेवा. पहिला म्हणजे तो उतरवायलाच इंटरनेट लागतं. त्यावर सोपा उपाय: अँड्रॉइड फोन केबलनं जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो वायरचं नेटवर्क वाटतो आणि लगेच जोडला जातो. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही. दुसरा अडथळा सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी ड्रायव्हर अडवणारी लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय. बाहेरचा ड्रायव्हर टाकताना उबुंटू किंवा मिंट एक पासवर्ड ठरवायला सांगतं, आणि रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर चार पर्याय येतात. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं की ड्रायव्हर नाकारला जातो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा.

कार्ड बदलायचं ठरलं तर

मागचं झाकण उघडलं की कार्ड ओळखता येतं: दोन बारीक तारा, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, त्याच्या डोक्यावर बसवलेल्या असतात. जुन्या मशिनींत मिनी पीसीआय एक्सप्रेस प्रकारचं कार्ड असतं, सुमारे ३ सेंटिमीटर रुंद आणि तेवढ्याच्या आसपास लांब. नव्यांत एम.२ प्रकारचं, २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब. म्हणून त्याला २२३० म्हणतात. एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. अँटेनाच्या तारांची टोकंही वेगळी असतात: एम.२ कार्डावरची खोबण बारीक असते, जुन्या तारेची टोपी तिच्यावर बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये चिप थेट बोर्डावर सोल्डर केलेली असते. मग डोंगलशिवाय पर्याय नाही.

एम.२ साठी इंटेलचं एएक्स२१० हे माझं पहिलं नाव. कर्नल ५.१० पासून ते चालतं आणि एएमडीच्या मशिनमध्येही चालतं. मात्र विकत घेताना शेवटचा आकडा नीट बघा. एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही दिसायला सारखीच कार्डं आहेत, पण ती अर्धीच आहेत: त्यांचा उरलेला भाग इंटेलच्या प्रोसेसर किंवा चिपसेटमध्ये असतो. ज्या लॅपटॉपमध्ये ती सोय नाही तिथे ती मेल्यासारखी पडून राहतात. एएक्स२०० आणि एएक्स२१० पूर्ण कार्डं आहेत. हाच घोळ ९५६० आणि ९२६० मध्ये: ९५६० अर्धं, ९२६० पूर्ण. बीई२०० हे वायफाय ७ चं कार्ड दिसायला पूर्ण असलं तरी अनेक एएमडी मशिनींवर ते चालत नाही असा अनुभव लोकांनी नोंदवला आहे, म्हणून एएमडीवाल्यांनी त्याच्या नादी लागू नये. मिनी पीसीआय एक्सप्रेससाठी इंटेलचं ७२६० एचएमडब्ल्यू शोधा, त्यात ८०२.११ एसी (वायफाय ५) मिळतं.

एक अडथळा असा आहे की त्यात लिनक्सचा काही दोष नाही. लेनोव्होच्या जुन्या थिंकपॅडच्या आणि एचपीच्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) मान्य कार्डांची यादीच असते. यादीबाहेरचं कार्ड बसवलं की थिंकपॅड '१८०२' हा एरर दाखवून सुरूच होत नाही. तुमच्या मॉडेलला अशी यादी आहे का हे कार्ड घ्यायच्या आधी तपासा. असेल तर त्याच कंपनीच्या पार्ट नंबरचं इंटेल कार्ड शोधावं लागतं. विकत घेतलेल्या यंत्रात मालकानं कोणता भाग घालावा हे कंपनीनं ठरवावं, हे मला आजही पटत नाही.

बसवताना लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, आतल्या बॅटरीची जोडणी सोडवा. तारा सरळ वर उचला, तिरक्या ओढू नका. कार्डाचा एक स्क्रू काढला की ते तिरकं वर येतं. नवं त्याच कोनात आत सरकवायचं. तार बसवताना टोपी बरोबर खोबणीवर धरून नखानं दाबा, बारीक 'टक्' जाणवतो. तो जाणवला नाही तर ती बसलेली नाही. जोर लावू नका, टोपी दबली की ती पुन्हा नीट पकडत नाही.

डोंगल घ्यायचा असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत 'लिनक्सला चालेल का?' असं विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा 'चालेल' असंच येतं. दुकानदाराला आत कोणती चिप आहे हे माहीत नसतं, आणि खोक्यावरही ते नसतं. टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूएन७२२एन हा याचा नमुना. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची एआर९२७१ चिप होती. तिचं फर्मवेअर २०१३ पासून मुक्त आहे, त्यामुळे लिनक्सवाल्यांत हा डोंगल फार नावाजला गेला. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची वेगळीच चिप आली. नाव तेच, रूप जवळपास तेच. जुनी शिफारस वाचून आजचा डोंगल घेणाऱ्याच्या हाती भलतंच लागतं. फरक फक्त मागच्या लेबलवर 'व्हर्जन' म्हणून बारीक अक्षरात लिहिलेला असतो.

आज घ्यायचा तर एमटी७६१२यू किंवा एमटी७६१०यू चिपचा डोंगल घ्या. त्यांचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून आतच आहे. वायफाय ६ हवं असेल तर एमटी७९२१एयू, त्याला ५.१८ किंवा पुढचा कर्नल लागतो. काही स्वस्त डोंगल जोडल्यावर आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं भासवतात, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो. 'एलएसयूएसबी'मध्ये ०बीडीए:१ए२बी असा नंबर आणि 'डिस्क' असं दिसलं तर हाच प्रकार. (रिअलटेकचा यूएसबीवरचा नंबर ०बीडीए असतो.) 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज टाकलं की तो खरं रूप घेतो, मग कळतं चिप कोणती.

जुना लॅपटॉप विकत घेत असाल तर लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात घेऊनच दुकानात जा. दोन मिनिटांत तो लावून फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघता येतं.

वायफाय चाललं, तरी दोन छोट्या गोष्टी मागे राहू शकतात. थोड्या थोड्या वेळानं नेट तुटत असेल तर बॅटरी वाचवण्यासाठी कार्ड झोपवलं जातंय का बघा. उबुंटूत नेटवर्क मॅनेजरच्या 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' या फाइलमध्ये ३ चा २ केला की ते थांबतं. आणि लॅपटॉपवर विंडोजही ठेवलेलं असेल तर त्यातलं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, कार्ड अर्धवट अवस्थेत सोडून जातं, आणि पाठोपाठ लिनक्स सुरू केलं की कालपर्यंत चालणारं वायफाय आज गायब झालेलं दिसतं.